डब्लिनमध्ये राहतेय, पण इथलं गाणं कानात बसत नाही

पत्र थोडक्यात: पत्र पाठवणाऱ्या ताई मूळ मिरजेच्या, काही वर्षांपासून नवरा आणि मुलीसोबत डब्लिनमध्ये असतात. लहानपणी शास्त्रीय गायन शिकल्या, मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, मग लग्न, नोकरी, परदेश यात रियाज सुटला. इथलं काहीतरी ऐकावं-बघावं असं मनात खूप आहे. एकदा टेंपल बारला, म्हणजे पबांनी भरलेल्या त्या टुरिस्टी भागात, जाऊन आल्या, तर नुसता गोंगाट, महागडी बिअर आणि माइकवर ठरलेली चार गाणी. स्वतः पीत नाहीत, त्यामुळे पबमध्ये शिरायलाच अवघड वाटतं. नवरा म्हणतो हे सगळं टुरिस्टांसाठी असतं, शिवाय 2025 च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले तेव्हापासून संध्याकाळी शहरात जायला त्याचा विरोध असतो. मंडळातल्या मैत्रिणी चिडवतात, "आयरिश व्हायचंय का आता?" सात वर्षांची लेक शाळेत टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) शिकते आणि घरी दिवसभर पीं पीं करते, पण रविवारी ऑनलाइन हार्मोनियमच्या क्लासला बसायचं म्हटलं की रडते. ताईंचा प्रश्न: "मला हे संगीत कळतच नाही, सगळ्या धून सारख्याच वाटतात. प्रयत्न करत राहू, की हे आपलं नाहीच म्हणून सोडून देऊ? आणि हे धरलं तर आपलं सुटेल का?"

ताई, आधी टेंपल बारचा विषय संपवू. तिथं तुम्हाला जे दिसलं ते टुरिस्टांसाठीच होतं, नवऱ्याचं तेवढं बरोबर आहे. स्टूलवर बसलेला एक गिटारवाला, अँप्लिफायर, समोर एका रात्रीसाठी आलेली गर्दी, आणि गर्दीला पाठ असलेली गाणी. त्यात वाईट काही नाही, तोही पोटापाण्याचा धंदा आहे. पण त्यावरून आयरिश संगीत कसं असतं हे ठरवू नका. दुसऱ्या टोकाला जाऊन "खरं आयरिश" शोधत फिरायलाही मी सांगणार नाही, त्यात माणूस उगाच दमतो.

तुम्ही मिरजेच्या आहात म्हणून सांगते. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गवई येऊन हजेरी लावतात, ते तुम्ही लहानपणापासून बघितलं असेल. तिथं गाणारा समोरच्यांची करमणूक करायला आलेला नसतो, ज्याला ऐकायचंय त्याने बसावं, नसेल ऐकायचं त्याने दर्शन घेऊन पुढे जावं. डब्लिनमधलं चांगलं सेशन मला त्या जातीचं वाटतं. चार-सहा जण एका टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात, म्हणजे बऱ्याच वेळा तुमच्याकडे पाठच असते, स्टेज नाही, निवेदन नाही, पुढची धून कुठली तेही कुणी सांगत नाही. फिडलवाली (फिडल म्हणजे व्हायोलिनच) सुरू करते, ज्यांना येते ते सामील होतात, ज्यांना येत नाही ते वाद्य मांडीवर ठेवून ऐकत बसतात. तुम्ही पाहुणे म्हणून गेलात, कुणी दखल घेतली नाही, म्हणून तुम्हाला वाटणार की आपलं इथं काही काम नाही. पण ते कुणाचीच दखल घेत नाहीत हो, ते वाजवतायत!

आता "कळत नाही" या तक्रारीकडे येते, कारण पत्रात सगळ्यात जास्त वेळा तोच शब्द आलाय. तुम्ही असं धरून चाललाय की आधी कळलं पाहिजे आणि मग जायचं. ख्यालाच्या बाबतीत तुमचं असं झालं होतं का? पहिल्यांदा विलंबित ऐकलंत तेव्हा कोण काय करतंय ते कळलं होतं? नुसतं कानावर पडत होतं, कुणीतरी मांडीवर ताल धरायला लावला, आणि कधीतरी सम आपोआप कळायला लागली. इथंही तेच आहे आणि तुमच्यापाशी तर भांडवल आहे, फक्त ते चुकीच्या ठिकाणी लावताय, म्हणजे आलाप, विस्तार, राग उलगडणं हे शोधताय आणि ते सापडत नाही म्हणून सगळं सपाट वाटतंय. या धून छोट्या असतात. साधारण आठ छोट्या आवर्तनांचा पहिला भाग, तो दोनदा, मग तेवढाच दुसरा भाग, थोडा वरच्या स्वरांत चढणारा, तोही दोनदा, झाली एक फेरी. अशा दोन-तीन फेऱ्या वाजवतात आणि न थांबता दुसऱ्या धुनेत शिरतात, मग तिसरीत, त्याला सेट म्हणतात. सुरुवातीला तुम्ही एकच काम करा, धून कुठे बदलली ते पकडा. त्या क्षणी बऱ्याचदा आधारस्वर बदलतो, वाजवणाऱ्यांपैकी कुणीतरी हू करून ओरडतो, सगळ्यांच्या अंगात एकदम वारं शिरतं. तो बदल एकदा पकडता आला ना, की "सगळं सारखं" ही तक्रार बरीचशी गळून पडते.

तालाचं म्हणाल तर रील म्हणजे चार-चारच्या चालीत पळणारी, जिग म्हणजे सहाची, तुम्हाला दादऱ्याचा ठेका मनात धरून ऐकता येईल, अगदी तंतोतंत बसणार नाही पण आधाराला पुरे. स्लिप जिग नऊची असते, ती ओळखता आली तर घरी येऊन स्वतःलाच पेढा द्या. स्वरांच्या बाबतीत तुम्हाला आणखी सोपं आहे, कारण बऱ्याचशा धून बिलावल, खमाज आणि काफी थाटाच्या स्वरांत असतात, इथले लोक त्यांना वेगळ्या नावांनी ओळखतात एवढंच. कोमल निषाद आला की तुमच्या कानाला लगेच कळेल. पण इथं एक सावधगिरी हवी. आपल्या लोकांना अशी साम्यं दिसली की लगेच "बघा, सगळं मुळात आपल्याकडूनच गेलंय" असं सुरू होतं, आणि पार्टीत एखादा काका ते समोरच्या आयरिश माणसाला अर्धा तास समजावून सांगतो. तसं करू नका. स्वर सारखे असले तरी त्यांनी त्याचं काय केलं ते वेगळं आहे, आणि ऐकायचं तर तेच आहे.

इलन पाइप्स मात्र जरूर ऐका. हे तोंडाने फुंकायचं बॅगपाइप नव्हे, बसून वाजवतात, कोपराखाली भाता दाबून हवा भरतात, आणि त्यात तीन ड्रोन असतात, एकच स्वर तीन सप्तकांत सतत धरून ठेवणारे. तंबोऱ्याचं गाव तुमचं, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्या गावच्या मुलीला तो भरलेला आधारस्वर ऐकून काही झालं नाही तर मला कळवा. पाइपर तयार व्हायला एकवीस वर्षं लागतात असं इथले लोक म्हणतात, सात शिकण्याची, सात सरावाची, सात वाजवण्याची. आपल्याकडच्या गुरुजींना हे ऐकून बरं वाटेल. 2017 मध्ये युनेस्कोने या वादनाची परंपरा आपल्या यादीत घेतली. पाइपर लोकांची संस्था डब्लिनमध्येच आहे, 1968 मध्ये सुरू झालेली, हेन्रिएटा स्ट्रीटवर, नाव ना पीबिरी इलन. तिथं मैफिली होतात, क्लास चालतात, पबशी काही संबंध नाही.

म्हणजे पिण्याचा मुद्दा. एक तर पबमध्ये न पिणाऱ्याकडे हल्ली कुणी वळूनही बघत नाही, लाइम सोडा घ्या, चहा मागा, बिनअल्कोहोलची बिअर तर जवळपास सगळीकडे मिळते. काहीतरी विकत घ्या मात्र, नुसतं बसू नका, कारण वाजवणाऱ्यांचं जे काही मानधन असतं ते त्या गल्ल्यातूनच येतं. दुसरं, पबशिवायही भरपूर जागा आहेत. कोल्टस ही पारंपरिक संगीताची 1951 पासूनची मोठी संस्था आहे, तिचं मुख्य केंद्र मंकस्टाउनला, गावोगावी शाखा, मुलांचे क्लास, हॉलमधली सेशन्स. दर ऑगस्टला त्यांचा फ्ला नावाचा मोठा उत्सव भरतो, गाव बदलत असतं, आणि तिथं रस्त्याच्या कडेला दहा-बारा वर्षांची पोरं अशी वाजवतात की आपण तोंडात बोट घालावं. मुलीला घेऊन पबमध्येच जायचं असेल तर पबवाल्याची हरकत नसताना 15 वर्षांखालची मुलं आईवडिलांबरोबर रात्री 9 पर्यंत बसू शकतात, मे ते सप्टेंबर 10 पर्यंत, तसा कायदाच आहे.

नवऱ्याच्या भीतीबद्दल मी "काही होत नाही हो" असं म्हणणार नाही. त्या उन्हाळ्यात जे झालं ते झालंय, लोकांना मार बसलाय, आणि घाबरणाऱ्या माणसाला तू उगाच घाबरतोस असं सांगणं सोपं असतं, विशेषतः सांगणारा घरी बसलेला असेल तर. पण त्यातून "या लोकांना आपण नकोच आहोत" असा जो निष्कर्ष काढलाय तो मला पटत नाही, आणि तो घरात बसून तपासताही येत नाही. मधला मार्ग काढा. रात्री अकराचं सेशन नकोच, शनिवार-रविवारी दुपारी आणि संध्याकाळी लवकर सुरू होणारी सेशन्स असतात ती शोधा, पहिल्यांदा तिघं मिळून जा किंवा मंडळातलं दुसरं एखादं कुटुंब घ्या, परतायची लुआस (इथली ट्राम) किंवा बस आधीच बघून ठेवा. स्मिथफील्डला कॉबलस्टोन नावाचा पब आहे, लुआसच्या रेड लाइनवर, संगीतासाठीच ओळखला जातो, आत शिरल्याशिरल्या कोपऱ्यात वादक बसलेले दिसतात. 2021 मध्ये त्या जागी हॉटेल उभारायचा प्लॅन आला तेव्हा लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले होते आणि महापालिकेने परवानगी नाकारली. हे मुद्दाम सांगितलं, कारण तुमचे मिस्टर म्हणतात हे सगळं टुरिस्टांसाठी असतं. टुरिस्टांसाठीच्या जागेकरता गावकरी मोर्चे काढत नाहीत.

गेल्यावर काय करायचं, काय नाही ते पटकन सांगते, कारण बऱ्याच जणांची गाडी इथंच अडते. वादकांच्या टेबलाजवळची रिकामी खुर्ची बहुतेक उशिरा येणाऱ्या वादकाची असते, तिथं बसू नका. व्हिडिओ घ्यायचा असेल तर दोन धुनांच्या मध्ये विचारा. टाळ्यांनी ठेका धरू नका, तुमचा ताल पक्का असला तरी नको. फर्माईश करू नका. कुणी गायला लागलं तर बोलणं तिथल्या तिथे बंद, अगदी कुजबुजही नको, शेजारचाच गप्प करेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दर वेळी नवीन जागा नको, एकच सेशन धरा आणि तिथंच पुन्हा पुन्हा जा. आपल्याला परदेशात राहून यादी पूर्ण करायची सवय लागते, हे बघून झालं ते बघून झालं, पण संगीत यादीने येत नाही. चौथ्या-पाचव्या वेळी एखादी धून ओळखीची निघेल आणि कदाचित तो फ्लूटवाला मान हलवेल, तेवढी ओळख झाली की धुनेचं नाव विचारता येतं, आणि नाव मिळालं की घरी येऊन ती शोधून ऐकता येते.

तुम्ही गाणाऱ्या आहात म्हणून आणखी एक. इथं वाद्यांशिवाय गायची एक जुनी पद्धत आहे, शॅन-नोस, मुख्यतः आयरिश भाषेत, कनेमाराकडचे गायक तर त्यात फार नावाजलेले. साथ नाही, ठेका नाही, एकटा आवाज, ओळीच्या शेवटाकडे बारीक बारीक हरकती. कधीकधी ऐकणाऱ्यातलं कुणीतरी गाणाऱ्याचा हात हातात घेतं आणि गाण्याबरोबर तो हळूहळू फिरवत राहतं. डब्लिनमध्ये नुसत्या गायकांचेही क्लब आहेत, अन गोइलिन त्यातला जुना. अशा बैठकीत ज्याने गायलं त्याला पुढच्या माणसाचं नाव पुकारायचा मान असतो, आणि तुम्ही दोन-चारदा दिसलात की कधीतरी तुमच्याकडेही बोट येणार, "तुमच्याकडे आहे का एखादं?" त्या वेळेला लाजून नको नको म्हणत बसू नका. एक अभंग तयार ठेवा, तीन-चार मिनिटांचा, फोनवरच्या तंबोऱ्याशिवाय गाता येईल असा, आधी एका वाक्यात काय आहे ते सांगा आणि गा. भाषा कळणार नाही म्हणून ते कंटाळतील असं वाटत असेल तर लक्षात घ्या, तिथं बसलेल्यांतल्या अनेकांना आयरिश गाण्यांचेही सगळे शब्द कळत नसतात. आणि बघा, रियाज सुटला, रियाज सुटला म्हणून पत्रात जी हळहळ आहे तिला एकदम एक तारीख मिळेल.

म्हणूनच "हे धरलं तर आपलं सुटेल का" हा प्रश्न मला उलटा वाटतो. तुमचं गाणं आयरिश संगीताने सोडवलेलं नाही ना, ते त्याच्या आधीच सुटलं होतं. जे आधीच बंद आहे त्याची जागा कोण घेणार? उलट फ्रान्सिस ओनीलचं बघा. 1848 मध्ये कॉर्क परगण्यात जन्मलेला हा माणूस पोरवयात घर सोडून निघाला, जगभर भटकला आणि पुढे शिकागो पोलिसांचा प्रमुख झाला. शिकागोतल्या आयरिश लोकांकडून, त्यात त्याचे पोलिसही आले, तो धून गोळा करत गेला, आणि 1903 मध्ये त्याने 1850 धुनांचं पुस्तक छापलं. आज आयर्लंडमधले वादक त्या पुस्तकाला मानतात. स्लायगोच्या मायकल कोलमनने 1920 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फिडलच्या रेकॉर्ड काढल्या, त्या जहाजाने परत इकडे आल्या आणि इथल्या लोकांनी त्या ऐकून आपलं वाजवणं बदललं. घर सोडून गेलेल्यांनी आपलं गाणं कसं सांभाळलं हे शिकायला तुम्हाला याहून चांगला देश मिळणार नाही. मंडळातल्या मैत्रिणींनाही हे सांगा, चिडवणं थांबेल असं नाही, पण बोलायला विषय मिळेल.

आता लेक. हार्मोनियमचा क्लास काही दिवस बंद ठेवा असं मी सांगितलं तर तुम्हाला धक्का बसेल, पण सांगतेच. "आपली" हार्मोनियम 19व्या शतकात युरोपातून आली, आणि तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत म्हणून आकाशवाणीने 1940 पासून तीन दशकं तिला दारात उभं केलं नव्हतं, तेव्हा आपलं-परकं या रेषेवरून सात वर्षांच्या पोरीला रडवण्यात अर्थ नाही. तिच्या हातात आत्ता जे आहे तिथून सुरू करा. डी स्वराच्या टिन व्हिसलला सहा भोकं असतात, वरची तीन बंद केली की जी वाजतो, आणि जी स्वरातल्या धून इथं पुष्कळ आहेत. बासरीवरही तीन भोकं बंद म्हणजे सा. म्हणजे ती जे शाळेत वाजवते ते तुम्हाला सरगममध्ये गाता येईल! तिला सांगा, तुझी धून मला शिकव. ती वाजवेल, तुम्ही तिच्या मागून सा रे ग म म्हणा, ती तुमच्या चुका काढेल, मुलांना आईच्या चुका काढायला फार आवडतं. स्वरांची नावं तिच्या कानावर अशीच पडत जातील. पेटीचं नंतर बघू, आणि नाहीच वाजवली पेटी तरी तिचं गाणं काही अडणार नाही.

कानाला विश्रांती हवी असेल तेव्हा चित्रांकडे वळा, ते तर फुकट आहे. मेरियन स्क्वेअरच्या नॅशनल गॅलरीत कायमच्या संग्रहाला तिकीट नाही, म्हणजे एका दुपारी सगळं उरकायची घाई नाही, एका खेपेला दोन चित्रं पुरे. तिथं काराव्हाज्योचं एक चित्र आहे, येशूला पकडतात त्या प्रसंगाचं, ते डब्लिनच्याच एका जेसुइट मठाच्या जेवणघरात दुसऱ्याच कुणाचं समजून टांगलेलं होतं आणि 1990 मध्ये ओळखू आलं. जिन्यावर निरोप घेणाऱ्या जोडप्याचं बर्टनचं जलरंगातलं चित्रही तिथंच आहे, उजेडाने रंग उडू नयेत म्हणून ते कपाटात बंद असतं आणि आठवड्यात ठरलेल्या थोड्याच वेळेला उघडतात, ती वेळ आधी बघून जा. त्याच चौकात 73 नंबरला आयरिश पारंपरिक संगीताचं संग्रहालय आहे, 1987 पासूनचं, जुनी ध्वनिमुद्रणं बसून ऐकता येतात. आणि डब्लिन कॅसलच्या आवारात चेस्टर बीटी संग्रहालय, तिथं मुघल चित्रं आहेत, खाणधंद्यात पैसा केलेला, मूळचा अमेरिकन असा हा बीटी 1950 मध्ये डब्लिनला राहायला आला आणि आपला संग्रह या देशाला देऊन गेला. तिथं लेकीला न्या, जहांगीर-शाहजहानच्या काळातली चित्रं बघायला डब्लिनमध्ये यावं लागतं यावर तिचे प्रश्न येतील, उत्तरं जमली तर द्या.

बाकी, पारंपरिक म्हणजेच इथलं असंही नाही हं. लँकमसारखा डब्लिनचाच बँड जुनी गाणी घेऊन त्याखाली असा काही जड ड्रोन लावतो की काही जणांना भीती वाटते, मला आवडतं, तुम्हाला नाही आवडलं तरी चालेल. न आवडण्याचाही हक्क ठेवा. काही महिने एका सेशनला जाऊन आलात, मन लावून ऐकलंत आणि तरी नाहीच रुचलं, तर सरळ सोडा आणि चित्रांकडे किंवा नाटकाकडे जा, त्यात कमीपणा नाही.

आणि मंडळात पुढच्या दिवाळीच्या कार्यक्रमाची मीटिंग होईल तेव्हा एक प्रस्ताव मांडा, बॉलिवूड डान्सच्या आठ आयटममधला एक कमी करून अर्धा तास एखाद्या पाइपरला किंवा फिडलवाल्याला बोलवा, आधी शांत बसून ऐकायचं, मग वाटलं तर आपल्या तबल्याने हळूच साथ. फक्त त्यांना रीतसर मानधन द्या, वेळेवर द्या, आणि "आमच्याकडे दोनशे लोक येतात, तुमची ओळख होईल" हे वाक्य कमिटीतल्या कुणाला बोलू देऊ नका.